अहवालातली पापलेटं

माझ्या हुद्द्याचं नाव 'कल्याण अधिकारी' आणि कारखाना कल्याण-डोंबिवलीच्या मधल्या औद्योगिक पट्ट्यात. त्यामुळे लग्नाकार्यात कुणाशी नवीन ओळख करून दिली की हमखास ऐकू यायचं, "अरे वा, कल्याणच्या अधिकारी का? मग आमच्या गल्लीतल्या दिव्याचं जरा बघा ना." सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे "बघते" म्हणून मोकळी व्हायला लागले.

हे पद कायद्याने निर्माण केलेलं. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असले की कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. त्याने कामगारांच्या अडचणी साहेबांपर्यंत न्यायच्या, साहेबांचे हुकूम कामगारांच्या गळी उतरवायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. कँटीनचा चहा, गणवेश, गमबूट, संडासाच्या कड्या, आजारी माणसाला दवाखान्यात पोचवणं, अपघातात गेलेल्याच्या घरी जाऊन बायकोला सांगणं, सगळं माझ्याकडे. अधिकार मात्र कशावरच नाही. कड्या हव्यात तर सिव्हिलवाल्यांच्या विनवण्या करा, गमबूट हवेत तर खरेदीवाल्यांच्या. हाताखाली एक टायपिस्ट, तोही अर्धा दिवस अकाउंट्सचा.

पहिल्या दिवशी रखवालदाराला मी पाळणाघराची बाई वाटले होते. पाळणाघर होतं आमच्याकडे. पॅकिंगला बायका होत्या तोवर तिथे मुलंही होती. मग मशिनं आली, बायका कमी झाल्या, मुलं येईनाशी झाली. पण खोली राहिली, भिंतीवर रंगवलेले ससे राहिले, पाळणा राहिला. कारखाना निरीक्षक येणार असले की माळीबुवांच्या नातीला आणून त्यात बसवायचे. ती पोर पाळण्यात मावेनाशी झाली, पाय बाहेर लोंबायला लागले, तरी तपासण्या तिनेच पार पाडल्या.

असे किस्से सांगायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. मला सांगायचंय ते फिरत्या दवाखान्याबद्दल. सबंध नोकरीत मी स्वतःच्या डोक्याने उभी केलेली गोष्ट ती एवढीच, आणि तिचं जे झालं ते आजही नीट गिळता येत नाही.

आमची कंपनी कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायची. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून नाला, तो पुढे खाडीला मिळायचा आणि खाडीकाठी कोळीवाडा होता. गावाचं नाव लिहीत नाही. कारखाना येण्याआधी शेकडो वर्षं ती माणसं तिथे होती. पुरुष होड्या घेऊन जायचे, बायका ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून हाताने निवट्या हे चिखलातले मासे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, कालवं काढायच्या आणि डोंबिवलीच्या बाजारात विकायच्या.

जानकीबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या कारखान्याच्या फाटकावर. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. रखवालदाराने फोन केला, "मॅडम, एक कोळीण हलायलाच तयार नाही. मोठ्या साहेबांना पाय दाखवायचेत म्हणते." मी गेले. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदलेली बाई. तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन्ही नडग्यांची कातडी सोलवटली होती, मधेमधे जखमा ओल्या होत्या.

"चिखलान उतरलू का आग होते, बाई," त्या म्हणाल्या. "एकली माझी नाय, समद्यांची. तुमचे नाल्याशी येतंय ता. सायबाला सांगा."

मी त्यांना आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. तिथे दुपारी डॉ. फडणीस बसायचे. नगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, नाकावर चष्मा, सगळ्यांवर खेकसणारे, पण हात फार हलका. त्यांनी जखमा धुतल्या, मलम लावलं, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी जानकीबाई शेजारणींना घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी फाटकावर रांग. चौथ्या दिवशी वरून निरोप आला की बाहेरच्या लोकांना कारखान्यात घ्यायचं नाही.

मग मी लिहून विचारलं की ते आत येऊ शकत नाहीत तर आपण बाहेर जावं का. एक गाडी, डॉक्टर, औषधाची पेटी, आठवड्यातून एकदा. संडासाच्या कड्यांना महिनोनमहिने मंजुरी न देणाऱ्या मुंबईच्या फोर्टातल्या हेडऑफिसने हे पत्र परतीच्या टपालाने मंजूर केलं. मी हुरळून गेले. कारण नंतर कळलं. चेअरमनसाहेबांच्या हाती दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा वार्षिक अहवाल पडला होता आणि त्यात खेडेगावांवर एक अख्खं रंगीत पान होतं.

वार्षिक अहवाल म्हणजे कंपनीने भागधारकांना वर्षाच्या शेवटी पाठवायचं पुस्तक. त्यात नफातोटा असतो, ताळेबंद असतो, आणि ते कायद्याने द्यावंच लागतं. पण गावासाठी काय केलं, नदीनाल्याचं काय केलं, हे सांगायची तेव्हा सक्ती नव्हती. ज्याला मिरवायचं त्याने मिरवावं. 'सामाजिक बांधिलकी' असं त्या पानाचं नाव असायचं. आमच्या अहवालात हे पान आलं ते आमच्या गाडीमुळे.

दर बुधवारी आम्ही जायचो. पांढरी मेटॅडोर, पुढे फडणीस, मागे मी, कंपाउंडर आणि पेट्या. देवळापुढच्या पारावर टेबल मांडायचं. सुरुवातीला नुसत्या बायका यायच्या, मग पुरुष, मग खोकला, ताप, बाळंतपणं, सगळंच. जानकीबाई रांग लावायच्या. कुणी मधे घुसलं तर तिथूनच ओरडायच्या, "ए, तुजा पाय कुजलाय का माजा? माग जा!" त्या स्वतः सगळ्यांत शेवटी बसायच्या. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम कधी पुरती भरलीच नाही. फडणिसांनी तपासून सांगितलं की रक्तात साखर आहे, चिखलात उतरणं बंद करा. "मग खाव काय?" एवढंच त्यांनी विचारलं. फडणीस दर बुधवारी ती जखम स्वतः साफ करायचे. कंपाउंडरला हात लावू द्यायचे नाहीत.

आणि रोगी वाढत गेले. मी दर वर्षी आकडा हेडऑफिसला कळवायचे आणि तो त्या पानावर छापून यायचा, वाढत्या कार्याचं लक्षण म्हणून. एकदा अहवालाची प्रत फडणिसांनी हातात घेतली, वाचली आणि परत दिली.

"शेवडेबाई," ते म्हणाले, "रोगी वाढले म्हणून ज्याची पाठ थोपटली गेली असा मी पहिलाच डॉक्टर असेन."

त्या सायंकाळी मी राजवाडे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. राजवाडे आमचे वर्क्स मॅनेजर. केमिकल इंजिनियर, डोंबिवलीचेच, सज्जन माणूस. बदमाश असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. कारखान्यातलं पाणी नाल्यात सोडण्याआधी स्वच्छ करायचा प्रकल्प आमच्याकडे होता. मोठाल्या टाक्या, त्यात चुना, तुरटी टाकायची, पंख्यांनी पाणी घुसळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी सोडायचं. परदेशी तंत्राने बांधलेला. त्याचा फोटो अहवालात होता. पण त्या टाक्यांवरून जाताना मला पंख्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा.

मी सरळ विचारलं, "साहेब, त्या टाक्या चालतात का?"

राजवाड्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक तक्ता काढून माझ्यापुढे सरकवला.

"दर महिन्याला मला हे घेऊन फोर्टात जावं लागतं. बघा. माल किती काढला, वीज किती जाळली, वाफ किती, ओव्हरटाइम किती. प्रत्येकाला रकाना आहे आणि प्रत्येक रकान्यावर प्रश्न विचारले जातात. आता त्या टाक्या शोधा."

मला दिसल्या नाहीत.

"इथे आहेत," त्यांनी बोट ठेवलं, "अनुत्पादक खर्च. चुना, तुरटी, पंख्यांची वीज. हा आकडा वाढला तर मला उभं करून विचारतात का वाढला. कमी झाला तर शाबासकी. नाल्यात पाणी कसं गेलं हे विचारणारा रकानाच नाही या कागदावर. मी इतकी वर्षं जातोय, मला एकाने एकदाही विचारलेलं नाही."

"पण अहवालात तर लिहितात..."

"अहवालात प्रकल्प आहे असं लिहितात. तो आहेच. चालतो असं कुठे लिहिलंय?"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तपासणीच्या दिवशी चालवतो. एरवी टाक्या भरल्या की ओहोटीला व्हॉल्व्ह उघडतो. मॅडम, मी दोनदा प्रस्ताव पाठवला. रोज चालवायची परवानगी मागितली. उत्तर आलं, बजेटच्या मर्यादेत राहून चालवा."

कंपनीवर नियंत्रण नव्हतं असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. नियंत्रण इतकं पक्कं होतं की फोर्टातल्या माणसाला आमच्या शिफ्टमधला एक जादा तास दिसायचा. ते नियंत्रण कशावर ठेवायचं एवढंच ठरलेलं होतं.

दिवस जात राहिले. कोळीवाड्यातल्या होड्या एकेक करून उपड्या झाल्या. पुरुष रेतीच्या कामाला लागले, कुणी कारखान्यांत हमाल झाले. खाडीत जाळं टाकलं की निघायच्या त्या पिशव्या आणि एक काळपट साय. चिखलात उतरणाऱ्या शेवटच्या काही बायकांत जानकीबाई होत्या.

त्या दिवसांत कंपनीला पंचवीस वर्षं झाली. फोर्टातून प्रसिद्धी विभागाचे नाडकर्णी एका फोटोग्राफरला घेऊन आले. रौप्यमहोत्सवी अहवाल गुळगुळीत कागदावर निघणार होता. गाडीचा फोटो झाला, तान्ह्या मुलाला तपासतानाचा फडणिसांचा झाला. फडणिसांनी काही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. मग नाडकर्णी म्हणाले, "आता मुख्य फोटो. कोळीण, डोक्यावर मासळीची पाटी, मागे आपली चिमणी."

"मासळी कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी जानकीबाईंकडे बघितलं. जानकीबाई म्हणाल्या, "दोन दीस उतरलू, दोन चिंबोऱ्या गावल्या. त्याबी मेलेल्या."

नाडकर्ण्यांनी ड्रायव्हरला कल्याणच्या बाजारात पिटाळलं. गाडी परत आली ती बर्फातली पापलेटं घेऊन. ती पाटीत मांडली तेव्हा जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"आवो, पापलेट दरयान असतं," जानकीबाई म्हणाल्या. "खारीन कवा गावला?"

"मावशी, फोटोत कोण एवढं बघतंय?"

मी नाडकर्ण्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, हे बरोबर नाही, या लोकांना खाडीत काही मिळत नाही आणि ते आपल्यामुळे.

ते रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेवडे मॅडम, आपण एक अक्षर खोटं लिहिणार नाही. फोटोखाली ओळ एवढीच येईल, 'खाडी आणि कारखाना, पंचवीस वर्षांचा शेजार.' यात खोटं काय, सांगा."

जानकीबाईंच्या डोक्यावर पाटी चढली. "हसा मावशी, हसा," फोटोग्राफर म्हणाला, आणि त्या हसल्या. पापलेटं त्यांनाच ठेवायला दिली. पुढच्या बुधवारी भेटल्या तेव्हा खुशीत होत्या. "किती दिसांशी घरान म्हावरा शिजला, बाई. नातवांनी कांटं चाटलं."

तो फोटो छापू नये म्हणून मी राजवाड्यांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी ती पुढे पाठवली. फोटो पूर्ण पानभर आला. सुरेख आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

नव्वदच्या सुमाराला कोळीवाड्याच्या पंचांनी ठाण्याला अर्ज केला. खाडी मेली, उपजीविका गेली, नाल्यात पाणी सोडणाऱ्या कारखान्यांनी भरपाई द्यावी. त्या कारखान्यांत सर्वांत मोठा आमचा. एका सरकारी अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. आमच्या वकिलांबरोबर जायला मला सांगण्यात आलं. "ओळखीची माणसं आहेत तुमच्या. तुम्ही दिसलात की जरा नरमाईने घेतील," असं पर्सोनेलचे साहेब म्हणाले.

ठाण्याच्या त्या खोलीत मी कंपनीच्या बाजूच्या बाकावर बसले. समोरच्या बाकावर पंच आणि जानकीबाई. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पायाला फडणिसांची पट्टी होती. मला बघून त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली, जणू बुधवारच आहे.

जानकीबाईंनी खाडीचं सगळं सांगितलं. आधी काय गावायचं, कुठल्या बाजूला, आता काय गावतं. अधिकारी ऐकत होते. मग आमचे वकील उठले आणि त्यांनी पिशवीतून रौप्यमहोत्सवी अहवाल काढला. पान उघडून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं.

"साहेब, अर्जदार म्हणतात खाडीत मासळी नाही. हा कंपनीचा जाहीर अहवाल आहे, हजारो भागधारकांना गेलेला. या फोटोतल्या बाई कोण आहेत ते आपणच बघा." मग जानकीबाईंकडे वळून, "बाई, या तुम्हीच ना?"

जानकीबाई काठी टेकत पुढे गेल्या. वाकून फोटो बघितला. त्यांनी तो आधी कधी बघितलाच नव्हता.

"मीच हाय."

"डोक्यावर काय आहे?"

"म्हावरा."

"भरलेली पाटी आहे. आणि तुम्ही हसताय."

"हसा सांगला म्हून हासलू. ता म्हावरा माझा नव्ह. कंपनीन आनला बाजाराशी."

वकील हसले. "साहेब, आता कंपनी यांच्यासाठी बाजारातून मासे आणते म्हणे."

खोलीत दोनचार जण हसले. जानकीबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मागणं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की बाई आहेत, बाई आता सांगतील, संपलं. मी काही ठरवून उठले नाही. उठल्यावर कळलं की उठले आहे.

"मासळी कंपनीनेच आणली होती," मी म्हटलं. "माझ्यासमोर. कल्याणच्या बाजारातून. ती पापलेटं आहेत, खाडीत ती होत नाहीत."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"मी या कंपनीची कल्याण अधिकारी."

वकिलांनी क्षणभर माझ्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीच बोलायला लागली होती. मग सावरून म्हणाले, "साहेब, या बाईंना कंपनीतर्फे बोलायचा अधिकार नाही. तसं पत्र त्यांच्याकडे नाही."

"आहे का पत्र?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"अर्जदारांच्या साक्षीदारांत नाव आहे?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. नव्हतं.

"मग मला हे नोंदवता येत नाही. बसा आपण," ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता. टंकलेखकाने हात मांडीवर ठेवले होते, ते तिथेच राहिले.

काही महिन्यांनी निकाल आला. नाल्यात अनेक कारखान्यांचं पाणी येतं, कुणाच्या पाण्याने काय झालं हे ठरवणं शक्य नाही, सबब भरपाई नाही. सर्वांनी आपापले प्रकल्प नीट चालवावेत. आमच्या कंपनीत आधुनिक प्रकल्प आहे याची समाधानाने नोंद घेतली होती. फोटोबद्दल, मासळीबद्दल, उठून बोललेल्या बाईबद्दल एक शब्द नव्हता.

मला काढतील या तयारीनेच मी सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले होते. घरी यजमान म्हणाले होते, "राजीनामा देऊ नकोस, काढू देत." कुणी काढलं नाही. कुणी बोललंही नाही. राजवाड्यांनी बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला हात लावणार नाहीत. लावला तर पेपरात येईल." ते खिडकीबाहेर बघत होते. "गाडी बंद करायला सांगितलंय. खर्चकपात."

"साहेब, त्यांचा काय दोष? बोलले तर मी."

"मी हेच म्हणालो फोनवर. ते म्हणाले, ज्यांच्याशी कोर्टकज्जा चालू आहे त्यांच्यासाठी सद्भावनेचा खर्च दाखवता येत नाही." मग ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या जागी मी उठलो नसतो. हे चांगलं आहे की वाईट, मला खरंच कळत नाही."

पुढच्या बुधवारी कोळीवाड्यात गाडी गेली नाही. बायका दुपारपर्यंत पारावर बसून होत्या, असं नंतर कळलं. फडणीस ऐकेनात. आपल्या स्कूटरवर पेटी बांधून जायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, खाडीकाठचा तो खडबडीत रस्ता. पावसाळा लागला आणि त्यांच्या छातीत दुखलं. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी जाऊन जमेल तशी पट्टी बदलत होते, पण मला ते हात नव्हते. पंचांनी जानकीबाईंना कल्याणला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेही दोनदा राहिलं, रस्त्यात पाणी होतं. नेलं तोवर पाऊल काळं पडलं होतं.

मी सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात भेटायला गेले. घोट्याच्या बऱ्याच वरून पाय कापला होता. चादर तिथे अचानक सपाट होती. मी शेजारी स्टुलावर बसले. बोलल्या त्याच.

"तुमी खरा बोल्लाव, बाई. आमचे बाजूशी येवरे लोकांचेपुरं कोन उबा नाय रायला. माना लय बरा वाटला."

मग छताकडे बघत म्हणाल्या, "पन गारी गेली नं."

त्यात तक्रार नव्हती. असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

पंच निकालाविरुद्ध वर जाणार होते. तेवढ्यात हेडऑफिसचा निरोप आला, तोही माझ्याच मार्फत. अपील करू नका, गाडी पुन्हा सुरू करू. मी तो निरोप जसाच्या तसा पारावर सांगितला. पंचांनी विचारलं, "बाई, तुमाना काय वाटतं?" मी म्हटलं, मी एकदा बोलले तेव्हा काय झालं ते बघितलंत, यावेळी मी काही सांगणार नाही. कुणी तरी मागून म्हणालं, "दवाखाना पायजे." त्यावर चर्चाच झाली नाही.

गाडी आली. नवा रंग, दोन्ही अंगांना कंपनीचं नाव, आत दर महिन्याला बदलणारा एखादा तरुण डॉक्टर. अहवालात पान पुन्हा आलं. राजवाडे गुजरातमधल्या एका कारखान्यात गेले. निरोपाच्या चहाला त्यांनी मला सांगितलं की नव्या ठिकाणच्या टाक्या ते आधी बघून आले. "चालू होत्या?" मी विचारलं. "मी येणार म्हणून चालू होत्या," ते म्हणाले.

मग रंगांच्या धंद्याला मंदी आली. गाडी दोन आठवड्यांनी एकदा झाली, मग महिन्याने, मग नाहीच. नव्वदचं दशक संपता संपता कारखाना बंद पडला आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली गेली. तिच्यात आमची इच्छा किती होती ते जाऊ दे. बंद पडायच्या वर्षीच्या अहवालातही सामाजिक बांधिलकीचं पान होतं.

आता तर यासाठी कायदा झाला आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला वाटा समाजासाठी खर्चावा लागतो आणि तो जाहीर करावा लागतो. अशा कंपन्यांतली तरुण मुलं कधी कधी माझ्याकडे येतात, जुने अनुभव विचारतात. मी त्यांना एकच विचारते. तुमच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये टाक्या बंद राहिल्या म्हणून कुणाला उभं करतात का? मुलं गोड हसतात आणि त्यांच्या अहवालाची प्रत देऊन जातात. फार सुंदर छपाई असते आता.

निवृत्तीनंतर एकदाच कोळीवाड्यात गेले. जानकीबाई ओटीवर बसलेल्या, बाजूला कुबडी. चहा झाला. मला इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलं, "जानकीबाई, मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं का?" त्या आत बघून म्हणाल्या, "वनिता, बाईला पाया पर." सून बाहेर आली. मग जानकीबाईंनी विचारलं, "तुमचे डोंबोलीन बिल्डिंगीन भांड्याचा काम गावंल का हिला? घरान बसून खाव काय?"

आमच्याच सोसायटीत काम मिळालं. त्यातलं एक घर माझं. मी नको म्हणत होते, पण तिला तेवढं एक घरही हवं होतं. पहिल्या दिवशी तिने पदर खोचला, सिंकचा नळ सोडला आणि भांडी न घेता दोन्ही हात नुसतेच धारेखाली धरून उभी राहिली. काही चुकलं की काय म्हणून मी जवळ गेले.

"बाई," ती म्हणाली, "या पान्यान आग नाय व्हत."